निकालाची नक्कल

कोर्ट नाक्यावर, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
सव्वीस वर्षं मी लोकांची गाऱ्हाणी टाईप करतोय.
माणूस म्हणतो, "भावानं बांध कोरला हो,"
मी बडवतो : सबब, अर्जदार विनम्रपणे निवेदन करतो की.
पानामागे पैसे. की-च्या पुढे काय आलं
ते अर्जदारानं कधी वाचलं नाही.

बाळकुमच्या नागूबाई भोईर
एका भिंतीपायी एकोणीस वर्षं यायच्या.
पिशवीत तारखांच्या चिठ्ठ्या, रबर लावून,
डब्यात तांदळाची भाकरी, सुकट.
विचारायच्या, "आज काय झाला?"
मी सांगायचो : पुढली.

यंदा तळमजल्यावर नवी खिडकी निघाली.
आतली मुलगी निकाल मराठीत वाचून दाखवते,
फुकट,
आणि पक्षकार "समजलं" म्हणेपर्यंत
वहीत शिक्का मारत नाही.
तसा नियमच आलाय म्हणे.

नागूबाईंनी तीनदा वाचायला लावलं.
चौथ्यांदा, त्यांचाच अर्ज जिथे उतरवला होता
तिथे काचेवर बोट ठेवलं :
"यो सबब कोनी घातला?
मी असा बोललूच नाय."
मुलीनं वर पाहिलं.
मी खांबाआड सरकलो.

भिंत गेलीच, तसं बघायला गेलं तर.
जाताना टपरीशी थांबल्या, डबा उघडला,
अर्धी भाकरी माझ्या मशीनवर ठेवली.
"हारलू," म्हणाल्या, "पन कलला."

कागद चढवलेला होता.
दुपारभर तसाच.