मोजणीदाराचं मनगट

सूनबाईने पट्टा बांधला मनगटावर.
म्हणाली, बाबा, आंघोळीलाही काढायचा नाही.
चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या,
आता हा मला मोजणार.

पहिल्या दिवशी चार पूर्णांक सहा.
कृषीनगरचा ट्रॅक, पहाट, अंगात स्वेटर.
दुसऱ्या दिवशी तीन पूर्णांक नऊ,
तोच ट्रॅक, तेच बूट.
मी सवयीने वही काढली, रकाने आखले:
तारीख, वेळ, वेग, शेरा.
शेऱ्याचा रकाना रुंद ठेवला.
आकडा सहसा खोटं बोलत नाही,
पण तो कुठे उभं राहून घेतला
ते विचारावं लागतं.

अशोक स्तंभाच्या सिग्नलला दीड मिनिट उभा होतो.
तेही त्याने चालण्यात धरलं.
डाव्या हातात पेरूंची पिशवी, हात हलला नाही,
म्हणून पाय हलले नाहीत असं त्याचं मत.
पाच पूर्णांक सात: बँकेत भांडून आलो होतो.

त्यात पेस नावाचा आणखी एक आकडा.
एका किलोमीटरला मिनिटं किती.
तो वाढला की आपण मंदावलो,
हे कळायला मला आठवडा लागला
आणि तो आठवडाभर मी रोज खूश होतो.

एकदा फोन खिशात ठेवून
भांडी बाजाराच्या गल्ल्यांतून निघालो,
तर नकाशाने मला गोदावरीच्या पाण्यावरून चालवलं,
दोनशे मीटर, ताशी नऊच्या वेगाने.
असल्या नकाशावर मी सही केली असती
तर खात्याने चौकशी लावली असती.

सोमा भोये माझा साखळीवाला.
तेहतीस फुटी साखळी, सोळा आणे,
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
दिंडोरी, पेठ, पार हरसूलच्या चढापर्यंत.
एकदा साखळी ऑफिसातच राहिली
तेव्हा त्याने बांध पावलांनी मोजला.
दुसऱ्या दिवशी दुपारी साखळी टाकून पाहिली,
फरक दोन आण्यांचा.
मी त्याच्याकडे पाहिलं.
"दोन आणे साखळीचे, साहेब.
उन्हात ती लांबते. मी नाही लांबत."

आता तो मखमलाबादला, मुलाकडे, चाकाच्या खुर्चीत.
दर गुरुवारी मी त्याला पाटाच्या कडेने फिरवतो.
माझा फोन घरी, चार्जिंगला.
फोन नसला की पट्टा पावलांवरून अंतर काढतो
आणि पावलं हाताच्या झोक्यावरून.
हात तर दोन्ही खुर्चीच्या दांड्यांवर.
वेग: शून्य.
द्राक्षबागेपाशी जरा चढ आहे,
तिथे मला घाम फुटला, दम लागला,
तेवढ्यात मनगट थरथरलं:
बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला.

सोमाला वाचून दाखवलं. तो हसला नाही.
"आठशे चाळीस," म्हणाला.
काय आठशे चाळीस?
"पावलं. तुमची. पिठाच्या गिरणीपासून.
मागून ऐकू येतात की."
मग बागेच्या तारांकडे बघत,
"डावा पाय घासतोय.
पोळ्यापासून घासतोय. दाखवा कुणाला तरी."

खुर्चीला दगड लावला, वही काढली.
वेगाच्या रकान्यात शून्य लिहिलं,
यंत्राने दिलं ते लिहायचं, तसा नियमच आहे.
शेऱ्यात आठशे चाळीस, आणि डावा पाय.
खाली पंच म्हणून सोमाची सही हवी.
मी वही धरली, तो एकेक अक्षर ओढत राहिला,
भो-वर बराच वेळ अडला,
वही हलत होती, त्याच्या हाताने की माझ्या, कोण जाणे.
सही पुरी होईपर्यंत
पट्ट्याने सहा पावलं टाकली होती.