हाताच्या उंचीवर

ब्लू लँटर्न, वय पाच, तपकिरी घोडी.
तबेल्यात या नावानं तिला कुणी हाक मारत नाही.
हरबा मोतद्दार म्हणतो, कंदिली.

दोन मोसमांमागे ही मागच्यांच्या तोंडावर माती उडवायची.
आता शेवटून दुसरी. कधी नुसतीच शेवटची.
एक्स-रे स्वच्छ. रक्त स्वच्छ.
नाकातून कॅमेरा घालून श्वासनळी पाहिली,
तीही धुतलेल्या नळीसारखी.
नाल बदलले, जीन बदललं, जॉकी बदलला.
मालकांनी पत्रिकाही दाखवली म्हणे,
घोडीची की स्वतःची, मी विचारलं नाही.
मग मला बोलावलं.

महालक्ष्मी, पहाटे पावणेसहा.
समुद्राकडून खारं वारं,
तबेल्यातून लसूणघास आणि काकवीचा वास.
पलीकडे टॉवरच्या विसाव्या मजल्यावर जिमचे दिवे,
काचेआड माणसं पळताहेत
जागच्या जागी.

केर्सी ट्रेनर स्टॉपवॉच पुसत म्हणाला,
"डॉक्टर, मला चमत्कार नको.
दोन सेकंद पाहिजेत."

परळच्या कॉलेजात स्नायू पाठ केले, हाडं पाठ केली.
सुयांचे बिंदू शिकले चाळिशीनंतर,
तेव्हा सर हसले होते: हे शास्त्र, की गारुड?
उत्तर अजून शोधते आहे,
बोटांनी.

बोटं कानामागून निघाली, मानेवरून उतरली.
उजवीकडे सगळं लोण्यासारखं.
डावीकडे, मान खांद्याला मिळते तिथे,
कंदिलीचे कान मागे गेले,
कातडी थरारली, माशी नसताना.
जिनाच्या पुढे चार बोटं.
इथे जीन पोचत नाही, जॉकीचा गुडघाही नाही.

सात सुया.
सहाव्या सुईला तिचा खालचा ओठ लोंबला.
सातवीला जांभई आली:
सगळे दात, सगळी गुलाबी टाळू,
आणि एक सुस्कारा, माझ्या बाहीवर, गरम.

"आता चालवून दाखव."
हरबा नेहमीसारखा डाव्या बाजूला आला,
दोन पावलं टाकली,
आणि त्याचा उजवा हात आपसूक वर गेला
बरोब्बर तिथे.
हजारो घोड्यांचं लंगडणं वाचलंय मी.
उजवा गुडघा. पाचपैकी तिसरा दर्जा.

रोज दीड तास सकाळी, दीड तास संध्याकाळी
ही एका माणसाला तोलून चालत होती.
आणि इथला ट्रॅक उजवीकडे वळतो.

"कधीपासून?"
"घोडीचं व्हय?"
"गुडघ्याचं."
तो लगामाची कडी नखानं घासत राहिला.
"बाई, लंगड्या घोड्याचं काय करत्यात,
तुमास्नी ठावं हाय."

कागदावर 'कारण' हा रकाना असतो.
तिथे पेन धरून थोडा वेळ उभी राहिले.
मग लिहिलं: अनिश्चित.
आठवड्यातून दोनदा सुया.
गाजर दाखवून मान उजवीकडे, दहा वेळा.
चालवणं उजव्या बाजूनं, हात न टेकता.
हरबाला केईएमची चिठ्ठी, निर्गुडीच्या तेलाची बाटली;
बाटली घोडीच्या बिलात लावली.

पहिल्या दिवशी ती दहा पावलांवर थांबायची,
मान वळवून डावीकडे पाहायची:
वजन कुठे गेलं?

तिसऱ्या रविवारी चौथी आली.
केर्सी म्हणाला, "एक सेकंद मिळाला. दुसरा?"
मी सुया मोजून डबीत भरत होते.
एक कमी भरली.

हरबा गवतात गुडघे टेकून शोधू लागला,
तोच गुडघा, मी नको म्हणेपर्यंत.
सापडली. चिमटीत धरून त्यानं वर केली.
उठायला मात्र धरायला काही नव्हतं.

कंदिलीनं मान खाली आणली.
मी डबीचं झाकण लावत राहिले,
लागलेलंच.