टेपआउट

शब्द तेवढा राहिला. टेप गेली.

मे महिना, सत्त्याऐंशी साल.
बजाजनगरातल्या दोन खोल्या,
खसच्या ताट्यांचा ओला वास,
आणि कूलरपासून चार हात लांब, लाकडी स्टुलावर, ते रीळ.
भोयर सर दर तासाला ओरडायचे,
"मोटारीपाशी नोका नेऊ, सारं पुसून जाईन!"
दीड वर्षाचं काम
जेवणाच्या थाळीएवढ्या चकतीवर.

त्याआधी आठ दिवस
भिंतीएवढे कागद फरशीवर पसरून
आम्ही अनवाणी, गुडघ्यांवर,
रंगीत पेन्सिलींनी रेघ न् रेघ तपासत होतो.
एक थर आडवा, एक उभा.
गोळीबार चौकातून बाबा डबा घेऊन आले,
दारातूनच बघत राहिले.
"हे त लुगडंच हाय. काठ कुठी हाय याचा?"
मी दाखवला : कडेचे चाळीस चौकोन,
इथून तारा बाहेर निघतात.
त्यांनी चपला काढल्या, मग आत आले.

रीळ मी नेलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
आईच्या जुन्या पातळात गुंडाळून,
जीटीत, दिल्लीपर्यंत मांडीवर.
पंख्याखालची जागा बदलून मागितली.
समोरच्या बाईनं विचारलं, संत्रा बर्फी का?
हो म्हटलं.
मग दिवसभर तिच्याकडे बघायची लाज वाटली.

आमल्याच्या पुढे कधीतरी आठवलं,
तेविसावा चौकोन.
तो जोड कुणी पाहिला होता? मी, की वसूनं?
बोगदे आले, गेले.
इटारसीला फोनच्या खिडकीशी ही रांग,
आणि फोन लागला असता तरी काय सांगणार होते?
बसून राहिले.

पाच महिन्यांनी पार्सल आलं.
तेविसावा चौकोन ठीक होता.
बिघडलं भलतंच.

परवा मिहानमध्ये,
सातव्या मजल्यावर, मे महिन्यात अंगावर शाल घेऊन
मी केतकी मेश्रामच्या खुर्चीमागे उभी.
फाइल चालली होती समुद्रापार.
साठ टक्के. एकसष्ट. बराच वेळ एकसष्ट.
मग इकडची खूण आणि तिकडची खूण
अक्षराला अक्षर जुळली,
टाळ्या झाल्या, केक कापला,
कुणीतरी सावजीकडे फोन लावला.

केतकी गच्चीत गेली. मीही गेले.
म्हणाली, "मॅडम, शेवटचा बदल मी रात्री अडीचला केला.
सगळ्या तपासण्या पास झाल्यात. तरी पण..."
मी एवढंच विचारलं,
"कुठल्या कोपऱ्यात?"

खाली सोनेगावच्या धावपट्टीवरून
एक विमान उठलं.
त्यात आमचं काहीच नव्हतं.
दिवा दिसेनासा होईपर्यंत
आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत होतो.