एकतीस जून

नवे पाळकसाहेब तरुण आहेत, नाव अनुग्रह.
नगरकडून आले. मिरजेचं पाणी त्यांना अजून मानवलेलं नाही.
उपासना संपल्यावर संडे स्कूलच्या आम्हा पाचजणींना
त्यांनी एकेक छापील कागद दिला:
पवित्र शास्त्रात कोठेही, कोणत्याही शब्दात,
कोणत्याही प्रकारची चूक नाही, असे मी मानते.
खाली नाव, जन्मतारीख, सही.

चौघींनी बाकावरच सह्या केल्या.
मी म्हटलं, घरी नेते, चष्मा विसरलाय.
चष्मा डोक्यावर होता.

मागच्याच रविवारी वायदंड्यांच्या एलीशानं विचारलं होतं,
पेत्रानं नाकारलं तेव्हा कोंबडा एकदा आरवला की दोनदा?
एकीकडे असं दिलंय, एकीकडे तसं.
मी म्हटलं, बाळा, ज्याच्या घशात रडू दाटलंय
तो कोंबडा मोजत बसेल का?
पोरगं गप्प झालं. पटलं नव्हतं.
मलाही जरा कमीच पटलं होतं.

आमच्या घरचं शास्त्र जाडजूड,
दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं पाठ सांधलेली.
वडील, शांतवन आवळे, मिशन दवाखान्यात ड्रेसर.
जुना करार संपतो, नवा सुरू व्हायचा असतो,
त्या मधल्या कोऱ्या पानावर आम्हा भावंडांचे जन्म.
तिसऱ्या ओळीत मी:
सुगंधा. ३१ जून १९५८. प्रभूची स्तुती असो.

जूनला एकतीस नसते.
हे मला चौथीत कळलं, मुठीच्या हाडांवर महिने मोजताना.
धावत घरी गेले. ते दारात बसून
धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होते.
म्हणाले, दोन रात्री भाजलेल्यांच्या वॉर्डात होतो.
घरी आलो तर तू आलेली.
तीस तर संपली होती. पुढं एकतीसच येते की.

मग खोडा ना, म्हटलं.
पट्टीचं टोक दाताखाली धरून म्हणाले,
शास्त्रात खाडाखोड करायची नसते, बाई.

आईला विचारलं तर म्हणायची,
तिसाची रात सरली, पण एक तारीख काही उजाडेना.
मधेच कुठंतरी तू झालीस.

शाळेत मास्तरांनी एक जून घातली,
निम्म्या मिरजेची घालायचे तशी.
तीच दाखल्यावर, तीच सेवापुस्तकात.
सांगलीच्या सिव्हिलमधून एकतीस मेला नारळ दिला त्यांनी,
शाल, घड्याळ, मेट्रनबाईंचं लांबलेलं भाषण.
अडतीस वर्षांत कुणी चूक काढली नाही.
सगळे कागद बिनचूक, एकमेकांशी जुळणारे,
आणि त्या दिवशी मी जन्मलेच नव्हते.

बुधवारी कागद परत दिला.
पाळकसाहेबांनी वाचला. पुन्हा वाचला.
मावशी, अशी तारीखच नसते.
असते, म्हटलं. शास्त्रात लिहिलीय.

ते हसले. मग हसायचे थांबले.
आणि सही?
तेवढी राहू द्या. अजून वाचतेय मी.

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.
पुढं त्याचं काय केलं, कळलं नाही.
रविवारी खडूंचा डबा माझ्याच टेबलावर होता.

त्या मधल्या पानाच्या कोपऱ्यात एक जांभळा ठसा आहे,
जखमेवर लावायच्या औषधाचा,
वडिलांच्या अंगठ्याचा.
हात न धुताच लिहायला बसले असणार.
साठ वर्षांत आमच्या घरात
एवढं एकच अक्षर फिकं झालेलं नाही.

एलीशाला ते पान एकदा दाखवायचंय.
तो आधी डागावरून बोट फिरवील, मग तारीख वाचील,
मग मूठ वळून
महिने मोजायला लागेल, हाडाहाडावरून.
मी मधे बोलणार नाही.