मस्कतची रात्र

भिंतीवर एकोणीस सालच्या पाण्याची रेघ आहे,
दोनदा रंग दिला तरी वर येते.
तिच्या दोन वीत वर सन्मतीनं फळी ठोकली,
फळीवर तो डबा:
जुना कॉम्प्युटर, नवी हार्ड डिस्क, हिरवा दिवा.
पुरात गच्चीवर नेलेली एकच पिशवी, कॅसेटींची,
आता सगळी त्या डब्यात आहे.

सॉफ्टवेअर कुठलं घालायचं, एवढाच प्रश्न राहिला.
आप्पा मार्केट यार्डात तोलाईदार.
हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय
मालाबद्दल अक्षर बोलायचे नाहीत.
मीही आठ दिवस तिन्ही लावून बघितली.

पहिलं देखणं,
पण आपल्याच घरात शिरायला
आधी त्यांच्या दारात नाव नोंदवा म्हणालं.
आईचं हसणं बघायला परक्याची परवानगी?
दुसरं बरं होतं, पण हुबळीच्या रत्नमालाला
टीव्हीवर दाखवायचं तर महिन्याचं भाडं.
तिसरं फुकट, दिसायला ओबडधोबड,
दर पायरीला ‘हे तुझं तू बघ’ म्हणणारं.
ते घेतलं.
ह्यांनी विचारलं, हेच का?
रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव
कुणी फोडून सांगतं का?

पहिल्या रात्री त्यानं सगळ्या फायली चाळल्या
आणि शहाणपणा केला.
‘सन्मतीचं बारसं’ला कुठल्याशा परदेशी युद्धपटाचं
पोस्टर चिकटवलं, रणगाड्यासकट.
‘आप्पा, यार्ड, ९७’ समोर लिहिलं:
माहिती उपलब्ध नाही.

खरंच आहे. कुठून असणार?
चष्मा पुसून मी भरायला बसले.
नाव: आदगोंडा बाबगोंडा चौगुले.
भूमिका:
इथं बराच वेळ गेला.
मग लिहिलं, काट्यापाशी उभे.
कालावधी: तीन मिनिटं.
भाषा: फारसे बोलत नसत.

रत्नमालाचा फोन आला,
“थांबतंय गं मधनंच, आईचं तोंड उघडंच ऱ्हातंय.”
तिचा टीव्ही जुना, त्याला आमची फाईल कळत नाही.
मग डबाच तिच्यासाठी एकेक चित्र
सोपं करून सांगतो,
तापतो, पंखा घुरघुरतो.
एप्रिलच्या सांगलीत बहिणीसाठी
एवढं कोण करतं?

भूपालला लिंक मीच पाठवली होती, मस्कतला.
चार वर्षं बोलणं नाही. प्लॉटवरून.
निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

परवा रात्री दीडला पाणी प्यायला उठले
तर हिरवा दिवा लुकलुकत होता.
फोनवर बघितलं. आत्ता चालू:
‘आई, पापड, गच्ची’. भूपाल. चौदावं मिनिट.
चौदाव्या मिनिटाला आई वर बघून म्हणते,
“बास कर की रे, हात भरल्यात माझं.”
कॅमेरा त्याच्याच हातात होता.
मागं. पुन्हा चौदा.
मागं.
मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

सकाळी सेटिंगमध्ये गेले.
कोण काय बघतंय ते दाखवायचं का,
अशी एक चौकट असते.
तिची खूण काढून टाकली.

पावसाळ्यात लाईट जाणार, म्हणून सन्मती
बॅटरी बघायला गणपती पेठेत निघालाय.
केवढी आणू, विचारतो.
म्हटलं, मस्कतची रात्र
निघेल एवढी आण.