चाळीस ग्रॅम

जुलै सरताना मी व्हॅन घेऊन वर जातो,
ग्रामोझच्या अंगावर, जिथे डांबर संपतं
आणि खेचरं सुरू होतात.
पहाडी चहा विकत घेतो. पीत नाही.
एर्सेकाच्या गोदामात चौदा वर्षं
त्याच्याच वासात हिशेब लिहिलेत;
हलवाई कुठे पेढे खातो?

जेव्रिये नेहमी सगळ्यांत शेवटी येते.
बाकीच्या बायका पैसे मोजून, पुन्हा मोजून गेल्या
की पाठीवरचं गाठोडं उतरवते
आणि माझ्या काट्याकडे बघते,
लंगड्या शेळीकडे बघावं तशी.
रागानं नाही, सवयीनं.

"किती खातो रे हा?"
"कोण?"
"तुझा काटा. किलोमागे चाळीस,
की डिझेल महागल्यापासून जास्त?"

मी व्हॅनच्या दाराची कडी उगाच हलवून पाहिली.
"ये," ती म्हणाली. "वजन पळून जात नाही."

चूल बाहेरच, रानटी अलुच्याच्या झाडाखाली.
तिनं गाठोड्याला हात लावला नाही.
तुळईवरून उलटी टांगलेली एक जुडी काढली,
लोकरीच्या निळ्या धाग्यानं बांधलेली.
"ही वरच्या कड्याची. अर्धी फुलं उमलली, अर्धी मिटली
तेव्हाच कापायची. मुळापासून चार बोटं सोडून.
उपटणाऱ्याचं पुढचं वर्ष बोडकं."

काड्या राखाडी, हिरवट,
मांजराच्या कानावर असते तशी लव.
"धुवू नकोस. फुंकर मार. आता मोड."
मी मोडली. कट्.
"वाजली ना? तीन तुकडे कर.
न वाजता वाकली तर समज,
कुणीतरी तिच्यावर पाणी शिंपडलंय."
जरा थांबून म्हणाली,
"मीही शिंपडते. तुझ्याकडे यायच्या आदल्या रात्री.
तुझ्या काट्याला तहान लागते ना."

मग हसली. वरचे दात कधीच गेलेले.

पाणी गार घ्यायचं, झऱ्याचं.
काड्या गार पाण्यातच टाकायच्या, देठांसकट, फुलांसकट;
फुलं वेचून घेतात ते शहरातले.
माणशी दोन काड्या, आणि एक भांड्याची.
उकळी आली की विस्तव मागे ओढायचा,
पाणी नुसतं पुटपुटत राहील इतका.
किती वेळ? "माझी बहीण होती तेव्हा
आम्ही एक भांडण भांडायचो तेवढा वेळ.
आता दहा मिनिटं धर."
झाकण. पुन्हा तेवढंच.
मग फडक्यातून गाळायचं, दोन पदरी,
नाहीतर लव घशाला चिकटते.

रंग आधी गवताचा होता,
मग जुन्या तांब्याच्या तारेचा.
मध तिनं चमच्यावरच ठेवला:
"आधी तसाच पी. नंतर लबाडी कर."

मी प्यायलो.
लिंबाची साल, राळ, गवताची गंजी,
आणि तळाशी काहीतरी कडू, पण रागावलेलं नाही.
समोरच्या धारेपलीकडे दुसरा देश.
तिथेही हीच काडी उगवते, नाव वेगळं.
"शेळ्यांना दोन्ही नावं येत नाहीत," जेव्रिये म्हणाली
आणि माझा पेला परत भरला.

सावली खेचरापर्यंत पोचली तेव्हा
आम्ही गाठोडं उचललं.
मी पारड्याखाली हात घातला,
तिथला लोहचुंबक काढून खिशात टाकला.
तिच्यासमोरच.
काटा डुलला, स्थिरावला.
गाठोडं भरलं अकरा किलो,
आणि त्यात तिचं कालचं पाणी.
ती काट्याकडे बघत होती.
मीही.
नोटा तिनं न मोजता ओच्यात टाकल्या.

उतारावर खिडक्या उघड्या ठेवल्या,
ओल्या गवताचा वास मागून येत राहिला.
चौथ्या वळणावर खोकला आला.
दोन पदरांतूनही निसटलेली
एखादी लव असावी.