अंश आणि छेद

फॉर्म सोपा आहे. वर वर्षाचे युनिट,
खाली चौरस फूट.
भागा. येईल तो आकडा इमारतीचा.

होटगी रोडच्या काचेच्या कचेरीला
भागाकार धार्जिणा निघाला.
पाच मजल्यांपैकी तीन कुलपात,
पण कुलपातलं क्षेत्रफळही मोजायचं असतं.
रिसेप्शनवरची मुलगी भर मे महिन्यात
स्वेटर घालून बसलेली.
चार तारे.

साखर पेठेत नरसव्वा येमूलकडे
पत्र्याखाली चार माग, मागांच्या मागे चूल,
माळ्यावर पाळीपाळीनं झोपणारी सात माणसं.
टेप धरली : सहाशे वीस फूट.
आकडा असा आला की कॅल्क्युलेटर बदलून पाहिला.
एकही तारा नाही.
खटखटाटात ती ओरडून म्हणाली,
"चादरी मोजल्या का, साहेब?"
चादरींना रकाना नाही.

आणि कुंभारीच्या विडी घरकुलात
भूदेवी चिलकाचं महिन्याचं बिल अठ्ठावीस युनिट.
फॉर्म खूश. पाच तारे द्यायला निघाला.
मी खोलीत तापमापी धरली. बेचाळीस.
डोक्यावर पंखा होता. बंद.
"लावला की तंबाखू उडतो, पान वाळून तुटतं,"
सुपातून मान वर न करता म्हणाली.
हजार विड्या होईपर्यंत
पदर हाच वारा.
ह्याला बचत म्हणायचं?

शाळेत कल्याणशेट्टी सर
फळ्यावर आडवी रेघ ओढून सांगायचे :
वर अंश, खाली छेद,
छेद चुकला की पोरांनो, खरं गणितही खोटं बोलतं.
अंश कळतो मला. एक मीटरवर फिरतो,
एक पाऱ्यात चढतो,
आणि पाऱ्यातला सगळ्यांना सारखा नसतो,
काचेआड चोवीस, पत्र्याखाली विचारू नका.

छेदात कुणाला बसवू?
माणसं बसवली तर ओस मजले उघडे पडतात.
चादरी बसवल्या तर नरसव्वाची कळा बदलते,
भूदेवीची नाही.
तास बसवावेत? की सोसलेली धग?
ती मोजायचं एकक आमच्या पुस्तकात नाही,
मी शोधलं.

रात्री कचेरीतले तीन मजले वजा केले,
पुन्हा भागलं. दोन तारे गळले.
नरसव्वाच्या कागदावर समासात
चादरींचा रकाना हातानं आखला.
भूदेवीचा आकडा कोराच ठेवला,
शेऱ्यात लिहिलं :
पंखा आहे.
लावता येत नाही.